दोन मुली आणि दोन वाटा

आपल्याकडील घरांतून एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आले आहे. मूल दोन वर्षांचे होऊन गेलेले असते, घरभर धावत असते, मांडणीवरची भांडी ओढत असते, पण बोलत मात्र नाही. आईच्या मनाला घोर लागतो. मग घरातील आजी तिची समजूत घालते, "अगं, बोलेल हळूहळू. त्याचा बापसुद्धा चार वर्षांचा होईपर्यंत कुठं बोलत होता?" मधात वेखंड उगाळून मुलाच्या जिभेला लावले जाते, कोणी त्याची जीभ खालून चिकटलेली तर नाही ना हे पाहून घेते, कोणी कुलदेवतेला नवस बोलते. पुष्कळदा मूल खरोखरच बोलू लागते आणि आजीचे वाक्य खरे ठरते. कधी कधी मात्र ते खरे ठरत नाही. आणि मग त्या वाक्याच्या भरवशावर काढलेली दोन-तीन वर्षे कोणालाही परत आणून देता येत नाहीत.

न बोलणाऱ्या मुलासाठी आईबापांनी दारोदार हिंडावे, कोणी वाट दाखवील का म्हणून विचारीत फिरावे, ही गोष्ट काही आजची नव्हे आणि एकट्या आपल्या देशातीलही नव्हे. तिला मोठा इतिहास आहे. त्या इतिहासातील दोन मुलींची हकीकत मी आज सांगणार आहे. दोघीही अमेरिकेतल्या, दोघीही सुखवस्तू घरातल्या. दोघींचेही ऐकणे लहानपणी आजाराने गेले, आणि दोघींच्याही बापांनी केवळ आपल्या मुलीपुरते न पाहता तिच्यासाठी शाळा उभी केली. परंतु त्या दोन शाळा एकमेकींच्या अगदी विरुद्ध दिशांना तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांच्यामध्ये जो वाद माजला त्याने शंभराहून अधिक वर्षे जगभरच्या बहिऱ्या मुलांचे भवितव्य ठरविले, आणि त्याचे पडसाद आपल्या शाळांपर्यंत येऊन पोचले.

पहिली मुलगी ॲलिस कॉग्जवेल. तिचा जन्म १८०५ सालचा. कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड या गावी तिचे वडील मेसन फिच कॉग्जवेल हे नावाजलेले शस्त्रवैद्य होते. ॲलिस दोन-एक वर्षांची असताना तिला कडक ताप आला. ताप उतरला, मूल वाचले, पण त्याचे कान गेले. जे थोडेफार बोबडे शब्द ती बोलू लागली होती तेही पुढे मावळले. हे असे का व्हावे, हे क्षणभर थांबून पाहिले पाहिजे. बोलणे ही केवळ जिभेची करामत नव्हे. मूल आपल्या भोवतीचे बोलणे महिनोन्‌महिने ऐकत असते, स्वतःच्या तोंडून निघणारा ध्वनी त्या ऐकलेल्या ध्वनीशी ताडून पाहत असते, आणि अशा सतत चाललेल्या तुलनेतूनच त्याची वाणी घडते. कान बंद झाले की ही तुलनाच थांबते. जीभ, टाळू, कंठ सगळे शाबूत असतात. पण त्यांना चालविणारा मार्गदर्शकच नाहीसा होतो. आपल्याकडे 'मूकबधिर' असा जोडशब्द रूढ आहे, आणि त्यामुळे मुकेपणा व बहिरेपणा ही दोन निरनिराळी दुर्दैवे एकाच मुलावर कोसळली असावीत असा समज होतो. वस्तुतः बहुतेक वेळा दुर्दैव एकच असते. दुसरे हे त्याचा परिणाम असते.

स्वतः वैद्य असूनही कॉग्जवेल यांच्या हाती आपल्या मुलीसाठी काहीच उपाय नव्हता. त्या काळी अमेरिकेत बहिऱ्या मुलांसाठी एकही कायमची शाळा नव्हती. ज्यांची ऐपत होती ते आपल्या मुलांना समुद्र ओलांडून स्कॉटलंडात किंवा इंग्लंडात पाठवीत. तेथे ब्रेडवुड नावाच्या घराण्याने अशा मुलांना शिकविण्याचा व्यवसाय चालविला होता. आपल्या लेकीला एवढ्या दूर पाठविण्यास कॉग्जवेल यांचे मन होईना. त्यांनी वेगळा मार्ग धरला. राज्यातील धर्मोपदेशकांच्या साहाय्याने बहिऱ्या माणसांची मोजदाद करविली आणि हे दुःख एका घराचे नाही, ते कितीतरी घरांतून मुकाट्याने सोसले जात आहे, हे लोकांपुढे मांडले.

त्यांच्या शेजारी टॉमस हॉपकिन्स गॅलॉडेट नावाच्या तरुण धर्मोपदेशकाचे घर होते. १८१४ साली एके दिवशी गॅलॉडेटने पाहिले की, अंगणात मुले खेळत आहेत आणि ॲलिस एका बाजूला एकटी उभी आहे. तो तिच्याजवळ गेला, डोक्यावरची टोपी काढून तिला दाखविली आणि काठीने मातीत 'टोपी' या अर्थाची तीन इंग्रजी अक्षरे लिहिली. पुन्हा टोपी दाखविली, पुन्हा अक्षरांकडे बोट केले. वस्तूला नाव असते आणि ते नाव मातीत लिहिता येते, हे त्या नऊ वर्षांच्या मुलीला उमगले, असे सांगतात. ही गोष्ट बहिऱ्यांच्या शिक्षणाच्या इतिहासात एखाद्या पुराणकथेसारखी सांगितली जाते. परंतु तिच्यातील करुण भाग सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. नऊ वर्षांची होईपर्यंत त्या मुलीला भाषा अशी जवळजवळ नव्हतीच. घरात प्रेम होते, पैसा होता, वैद्यक होते. नव्हती ती फक्त भाषा.

कॉग्जवेल आणि त्यांच्या मित्रांनी वर्गणी जमवून १८१५ साली गॅलॉडेटला युरोपात पाठविले. तो प्रथम इंग्लंडात ब्रेडवुड मंडळींकडे गेला. त्यांची पद्धती बोलणे शिकविण्यावर भर देणारी होती. पण ते आपली विद्या घराण्याचे गुपित म्हणून सांभाळीत. आमच्याकडे काही वर्षे उमेदवारी कर आणि शिकलेले कोणाला सांगणार नाही असे वचन दे, अशी त्यांनी अट घातली. गॅलॉडेटला ती मान्य होण्यासारखी नव्हती. ज्याला एक शाळा काढून अनेक शिक्षक तयार करावयाचे होते त्याला गुपित काय उपयोगाचे? त्याच सुमारास पॅरिसच्या सरकारी शाळेचे प्रमुख ॲबे सिकार हे आपल्या बहिऱ्या शिष्यांसह लंडनमध्ये व्याख्याने देत होते. त्यांनी गॅलॉडेटला पॅरिसला बोलाविले आणि हातचे काही राखून न ठेवता सगळे दाखविले. पॅरिसची ही शाळा ॲबे द लेपे यांच्या परंपरेतली. बहिऱ्या माणसांच्या हातवाऱ्यांत स्वतःचीच एक भाषा आहे आणि तिच्या द्वारे त्यांना सर्व ज्ञान देता येते, हे तेथील सूत्र होते. १८१६ साली गॅलॉडेट परतला तो लॉराँ क्लेर या बहिऱ्या फ्रेंच शिक्षकाला बरोबर घेऊन. जहाजावरच्या लांबच्या प्रवासात क्लेरने त्याला खुणांची भाषा शिकविली आणि त्याने क्लेरला इंग्रजी. १५ एप्रिल १८१७ रोजी हार्टफर्डची शाळा उघडली. पहिल्या विद्यार्थ्यांत ॲलिस होती.

एका घराण्याने आपली विद्या झाकून ठेवली आणि दुसऱ्या शाळेने ती उघड केली, एवढ्यावरून अमेरिकेतील बहिरी मुले पुढील अर्धशतक हातांनी बोलणार हे ठरून गेले. ॲलिसला मात्र त्या शाळेने तिचे जग मिळवून दिले. तिला मैत्रिणी मिळाल्या, पुस्तके मिळाली, मनातले सांगण्याचे साधन मिळाले. १८३० सालच्या डिसेंबरात तिचे वडील वारले, आणि ते दुःख सहन न होऊन अवघ्या दोन आठवड्यांच्या आत ती पंचविसाव्या वर्षी मरण पावली.

आता दुसरी मुलगी. ॲलिसच्या मृत्यूनंतर सत्तावीस वर्षांनी, १८५७ साली, मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे मेबल हबर्ड जन्मली. तिचे वडील गार्डिनर ग्रीन हबर्ड हे वकील होते आणि गावात दिव्यांचा गॅस व घोड्यांची ट्राम आणणाऱ्या उद्योगी गृहस्थांपैकी होते. मेबल पाच वर्षांची असताना तिला स्कार्लेट फीव्हर, म्हणजे आरक्तज्वर, झाला. कित्येक आठवडे ती जगते की जाते अशी अवस्था होती. ती वाचली, पण तिला काहीच ऐकू येईनासे झाले.

ॲलिस आणि मेबल यांच्या आजारांत वरवर पाहता साम्य आहे. पण त्यांच्यात एक फरक आहे आणि या साऱ्या कथेचे मर्म त्या फरकात आहे. ॲलिसचे कान गेले तेव्हा ती भाषेच्या उंबरठ्यावर होती. मेबलचे गेले तेव्हा ती भाषेच्या घरात राहावयास येऊन तीन वर्षे झाली होती. तिला वाक्ये बोलता येत होती, प्रश्न विचारता येत होते, गोष्टी सांगता येत होत्या. तिची भाषा नाहीशी झाली नव्हती. फक्त तिचा झरा बंद झाला होता, आणि साठलेले पाणी हळूहळू आटणार होते.

आईबापांनी जाणत्यांना विचारले तेव्हा त्यांना मिळालेले उत्तर ऐकून कोणाचेही मन खचले असते. मुलीचे बोलणे थोड्याच काळात जाईल, हार्टफर्डची शाळा आहे, पण तेथे मुले दहाव्या वर्षाच्या सुमारास घेतात, तोवर थांबा. पाच वर्षांच्या मुलीच्या बापाला पाच वर्षे थांबावयास सांगणे म्हणजे, हिचे बोलणे डोळ्यांदेखत मरू द्या, असेच सांगणे होते. हबर्ड दांपत्य थांबले नाही. ते बॉस्टनमधील अंधशाळेचे प्रमुख डॉ. सॅम्युएल ग्रिडली हाउ यांच्याकडे गेले. लॉरा ब्रिजमन या आंधळ्या आणि बहिऱ्या मुलीला भाषा शिकविणारे म्हणून हाउ यांचे नाव तेव्हा दुमदुमत होते. शिवाय १८४३ साली शिक्षणसुधारक होरेस मॅन यांच्याबरोबर युरोपात फिरताना, बहिऱ्या मुलांना तोंडाने बोलावयास शिकविणाऱ्या जर्मन शाळा त्यांनी स्वतः पाहिल्या होत्या. त्यांचा सल्ला साधा होता. मुलीशी सतत बोलत राहा. तिने ओठांकडे पाहून समजून घ्यावे असा आग्रह धरा. तिने खूण केली तर ती समजली नाही असे दाखवा आणि तिला शब्द उच्चारावयास लावा.

हे सांगणे सोपे, पण करणे किती अवघड! एखादे तहानलेले मूल भांड्याकडे बोट दाखवीत आहे, आणि आई जाणूनबुजून न समजल्यासारखे करीत आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणावे म्हणजे त्यातील कठोरपणा ध्यानी येईल. मेबलच्या आईने हे केले. ती दिवसाचे तासन्‌तास मुलीसमोर बसून, तोंडावर उजेड पडेल अशा बेताने, स्पष्ट ओठांनी बोलत राहिली. मेरी ट्रू नावाची एक तरुण शिक्षिका घरी ठेवण्यात आली. तिला बहिऱ्यांना शिकविण्याचे कोणतेही शिक्षण मिळालेले नव्हते. पण ऐकणाऱ्या मुलाला जे शिकवावयाचे तेच या मुलीलाही शिकवावयाचे, एवढे धोरण तिने सोडले नाही. मेबल वाचू लागली, भूगोल-इतिहास शिकू लागली, आणि तिचे बोलणे टिकले.

दरम्यान १८६४ साली हबर्ड यांनी बोलण्याच्या पद्धतीने शिकविणाऱ्या शाळेसाठी मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे अर्ज केला. तो फेटाळला गेला. हार्टफर्डची अर्धशतकाची परंपरा असलेली मंडळी विरोधात होती. बहिरी मुले बोलतात ही त्यांना पोकळ कल्पना वाटत होती. १८६६ साली हॅरिएट रॉजर्स या शिक्षिकेने हबर्ड यांच्या साहाय्याने चेम्सफर्ड येथे अशी एक लहानशी शाळा सुरू केली. १८६७ साली विधिमंडळाच्या समितीपुढे पुन्हा सुनावणी झाली, आणि या खेपेस हबर्ड यांनी आपली नऊ वर्षांची मुलगी साक्षीला आणली. सभासदांनी तिला प्रश्न विचारले. तिने त्यांचे ओठ पाहून ते ओळखले आणि तोंडाने उत्तरे दिली. वर्षानुवर्षे चाललेल्या युक्तिवादांनी जे साधले नव्हते ते त्या मुलीच्या उत्तरांनी साधले. त्याच वर्षी नॉर्दॅम्प्टन येथे, जॉन क्लार्क या धनिकाने देऊ केलेल्या पन्नास हजार डॉलरांच्या आधाराने क्लार्क संस्था उघडली. हॅरिएट रॉजर्स तिच्या प्रमुख झाल्या आणि हबर्ड अध्यक्ष.

येथपर्यंतची कथा दोन्ही घरांच्या गौरवाची आहे. एका बापाने आपल्या मुलीला हातांची भाषा मिळवून दिली, दुसऱ्याने आपल्या मुलीची तोंडची भाषा राखली. दोघांनीही 'थांबा' हा सल्ला नाकारला. दोघांनीही आपल्या मुलीसाठी जे शोधले ते इतरांच्या मुलांसाठी खुले केले. दुर्दैव पुढे सुरू होते.

१८७३ साली मेबल बॉस्टनमध्ये एका तरुण स्कॉटिश शिक्षकाकडे उच्चार सुधारण्यासाठी जाऊ लागली. त्याचे नाव अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल. त्याच्या वडिलांनी 'दृश्य वाणी' नावाची एक चिन्हलिपी तयार केली होती. कोणता ध्वनी काढताना ओठ, जीभ आणि कंठ कोठे कसे असतात हे त्या लिपीतील चिन्हे दाखवीत. आपल्याला यात फारसे नवल वाटणार नाही, कारण कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य अशी स्थानांप्रमाणे लावलेली वर्णमाला आपण बाराखडीबरोबरच शिकतो. आपल्या शिक्षाग्रंथकारांनी उच्चारस्थानांचा जो विचार केला होता, त्याच्या परिचयाने एकोणिसाव्या शतकातील पाश्चात्त्य ध्वनिशास्त्राला मोठी चालना मिळाली, ही गोष्ट तेथील पंडितांनीही मान्य केली आहे. मात्र या ज्ञानाचा उपयोग आपण वेदपठणाच्या शुद्धीसाठी केला. न बोलणाऱ्या मुलाच्या ओठांपर्यंत ते नेण्याचे काम फार पुढे झाले.

१८७६ साली बेलला टेलिफोनचे पेटंट मिळाले आणि १८७७ साली मेबलशी त्याचा विवाह झाला. कीर्ती आणि संपत्ती यांच्या बळावर तो बोलण्याच्या पद्धतीचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता बनला. त्याच्यासमोर प्रतिपक्षी म्हणून उभा राहिला तो हार्टफर्डच्या गॅलॉडेटचा मुलगा, एडवर्ड मायनर गॅलॉडेट. तो वॉशिंग्टन येथील बहिऱ्यांच्या महाविद्यालयाचा प्रमुख होता. इतिहास कधी कधी मोठा विलक्षण योग जुळवून आणतो. या दोघाही प्रतिस्पर्ध्यांच्या माता बहिऱ्या होत्या. बेलची आई मोठी झाल्यावर बोलत होती आणि कर्णनलिका लावून ऐकण्याचा यत्न करी. गॅलॉडेटची आई जन्मतः बहिरी होती आणि खुणांच्या भाषेत बोले. दोघांनीही आपापल्या घरात पाहिलेले सत्य खरे होते. पण प्रत्येकाला, विशेषतः बेलला, आपल्या घरचे सत्य हेच जगाचे सत्य वाटत होते.

१८८० साली इटलीतील मिलान शहरी बहिऱ्यांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. परिषदेला जमलेले जवळजवळ सर्वच लोक ऐकू येणारे होते. ज्यांच्या शिक्षणाचा निवाडा व्हावयाचा त्यांचा आवाज तेथे नाममात्र होता. तोंडी भाषा ही खुणांच्या भाषेहून निःसंशय श्रेष्ठ असून शिक्षणात तिचाच अवलंब व्हावा, असा ठराव प्रचंड बहुमताने संमत झाला. एडवर्ड गॅलॉडेटने विरोध केला. तो वाया गेला. त्यानंतर देशोदेशींच्या शाळांतून खुणांची भाषा हद्दपार झाली. बहिऱ्या शिक्षकांना शाळांतून जागा उरली नाही. कित्येक शाळांतून खुणा करणाऱ्या मुलांना शिक्षा होत, त्यांना हात बांधून बसावयास लावीत.

मेबल हबर्डचे उदाहरण ज्यांच्यासाठी पुढे केले जात होते, ती सगळी मुले मेबल नव्हती. त्यांतील पुष्कळ जन्मतः बहिरी होती, पुष्कळांचे कान ॲलिसप्रमाणे भाषा येण्यापूर्वी गेले होते. त्यांच्याजवळ राखावयास शब्दांचा साठाच नव्हता. शिवाय मेबलला दिवसभर तिच्यासमोर बसणारी आई होती, स्वतंत्र शिक्षिका होती, आणि हे सगळे शक्य करणारा श्रीमंत बाप होता. यांपैकी काहीही नसलेल्या मुलांना वर्षानुवर्षे एकेक ध्वनी घोकावयास लावण्यात आले. त्यांतील काही बोलू लागली हे खरे. पण अनेक मुले धड बोलणे नाही आणि खुणांचीही मोकळीक नाही अशा अवस्थेत, म्हणजे कोणत्याच भाषेवाचून, आपल्या वाढीची मोलाची वर्षे घालवून बसली. मूल मुके राहू नये म्हणून जो उपाय काढला, त्यानेच कित्येकांना खऱ्या अर्थाने मुके केले.

आणि मेबलचे स्वतःचे काय? ओठ वाचण्याच्या कलेत ती इतकी निष्णात झाली की १८९५ साली तिने एका प्रसिद्ध मासिकात त्या विषयावर लेख लिहिला. तिने संसार केला, नवऱ्याच्या उद्योगांचा कारभार सांभाळला, १९०७ साली विमानविद्येच्या प्रयोगांसाठी स्वतःचा पैसा घातला. तिच्या जन्माचे सार्थक झाले, असेच कोणीही म्हणेल. पण उतारवयात तिने एका पत्रात कबूल केले आहे की, आपण बहिऱ्या आहोत हे लपविण्यातच आपला जन्म गेला, आणि म्हणून इतर बहिऱ्या माणसांची संगत आपण टाळीत आलो. ज्या मुलीच्या विजयावर एक मोठी चळवळ उभी राहिली, तिच्या मनाच्या कोपऱ्यात हा सल होता. ॲलिसला शाळेने मैत्रिणी दिल्या होत्या. मेबलला सारे जग मिळाले. पण तिच्यासारख्यांचा सहवास तिला परका राहिला.

या वादाचा निकाल फार उशिरा लागला. १९६० साली विल्यम स्टोको या अध्यापकाने अमेरिकेतील खुणांच्या भाषेचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध करून दाखवून दिले की, ते केवळ हातवारे नाहीत. इतर कोणत्याही भाषेप्रमाणे तिला स्वतःचे घटक आणि स्वतःची रचना आहे. २०१० साली कॅनडातील व्हँकूव्हर येथे बहिऱ्यांच्या शिक्षणाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिने मिलानचे ठराव नाकारले आणि त्यांच्यामुळे झालेल्या हानीबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. एका चुकीची कबुली देण्यास मानवजातीला एकशे तीस वर्षे लागली.

आपल्या देशात बहिऱ्या मुलांची शाळा निघाली ती १८८५ साली मुंबईत, लिओ म्युरिन या बिशपांच्या प्रयत्नाने. म्हणजे मिलानच्या ठरावानंतर अवघ्या पाच वर्षांनी. तेव्हाच्या वाऱ्याची दिशा पाहता आपल्या शाळांवर बोलण्याच्या पद्धतीचा पगडा दीर्घकाळ राहिला यात आश्चर्य नाही. स्वातंत्र्यानंतर १९६५ साली म्हैसूर येथे वाणी आणि श्रवण यांच्या अभ्यासाची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली आणि वाचादोषांवर उपचार करणारे तज्ज्ञ आपल्याच देशात तयार होऊ लागले. १९८३ साली मुंबईत अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था सुरू झाली. २०१५ साली दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेसाठी स्वतंत्र केंद्र निघाले. २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या कायद्याने श्रवणदोष आणि वाचा व भाषा यांतील दोष यांची निरनिराळी नोंद केली. 'मूकबधिर' या जोडशब्दाने ज्या दोन गोष्टींची गाठ मारून ठेवली होती, ती गाठ कायद्याने सोडविली असे म्हणावयास हरकत नाही.

आता आपण पुन्हा त्या घरात जाऊ या, जेथे आजी सुनेची समजूत घालीत आहे. कॉग्जवेल आणि हबर्ड यांच्यापेक्षा आज त्या घराची स्थिती कितीतरी बरी आहे. तान्ह्या बाळाचे कान जन्मानंतर काही दिवसांतच यंत्राने तपासता येतात. पहिल्या महिन्यात तपासणी, तीन महिन्यांच्या आत निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपाययोजना, असे तज्ज्ञांनी ठरविलेले वेळापत्रक आहे. श्रवणयंत्रे आहेत. ज्यांना त्यांचा उपयोग होत नाही अशा काही मुलांसाठी कानाच्या आत बसविण्याचे कॉक्लियर रोपण आहे. खुणांची भाषा आता लाजेची गोष्ट राहिलेली नाही. आणि मूल न बोलण्याची सगळीच कारणे कानांत नसतात हेही आज आपल्याला ठाऊक आहे. कोणाच्या कानांत दोष नसतो, पण भाषा मेंदूत उशिरा रुजते. कोणी स्वमग्न असते. कोणी अडखळत, तोतरे बोलते. कोणाच्या टाळूला जन्मतः फट असते. प्रत्येकाची वाट निराळी. म्हणून दीड वर्षाचे मूल एकही अर्थपूर्ण शब्द बोलत नसेल, किंवा दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडीत नसेल, तर त्याला जाणत्याकडे नेऊन आधी त्याचे कान तपासून घ्यावे आणि मग पुढचा विचार करावा.

आजीचे वाक्य खोटे आहे असे मला म्हणावयाचे नाही. उशिरा बोलणारी मुले असतात, आणि ती पुढे पोटभर बोलतात. पण कोणते मूल त्यांपैकी आहे आणि कोणते नाही, हे नुसते वाट पाहून कळत नाही. आणि तपासणी करून घेतल्याने उशिरा बोलणाऱ्या मुलाचे काही बिघडत नाही. हार्टफर्डच्या मंडळींनी हबर्डना थांबावयास सांगितले, ती त्यांची चूक होती. मिलानच्या मंडळींनी सर्व मुलांना एकाच वाटेने हाकलले, ती त्याहून मोठी चूक होती. दोन्ही चुकांचे मूळ मात्र एकच होते. समोरचे मूल का बोलत नाही, हा प्रश्न त्या मुलापुरता कोणी विचारलाच नाही.

आणि वाट कोणतीही निघो, ती सापडेपर्यंत मुलाला गप्प ठेवू नये. तोंडाने, हातांनी, चित्रांनी, मातीत अक्षरे काढून, जसे साधेल तसे त्याच्याशी बोलत राहावे. हार्टफर्डच्या अंगणात काठीने लिहिलेल्या त्या तीन अक्षरांसाठी ॲलिसला नऊ वर्षे वाट पाहावी लागली होती.